शर्टावरची बोटं

"हात सैल सोड, सिस्टा. कुणाशी भांडायला निघालीस का?"

गाडी चालवता चालवता अंकल मला हे म्हणायचे आणि आपला डावा हात खिडकीबाहेर काढून दाखवायचे. मधली तीन बोटं मिटलेली, अंगठा आणि करंगळी बाहेर, आणि मनगट आळसावल्यासारखं दोनदा हलवलेलं. तुम्हीही पाहिला असेल हा हात. जाहिरातीत, सहलीच्या फोटोत, नाहीतर मोबाइलवरच्या त्या पिवळ्या चित्रांत. हवाईचा हात. तिकडे त्याला शाका म्हणतात.

हायवेवर कुणी गाडी आत घेऊ दिली की अंकलचा शाका. सिग्नलला कुणी थांबलं की शाका. रस्ता झाडणाऱ्या गाडीला, शाळेच्या बसला, कुत्रा फिरवणाऱ्या म्हातारीला, सगळ्यांना शाका. मला पहिल्यांदा हसूच आलं. आपल्याकडे करंगळी दाखवली की पोराला मोरीकडे न्यायचं असतं आणि अंगठा दाखवला की समोरच्याने समजायचं, काही मिळणार नाही. दोन्ही एकदम दाखवणारा माणूस मी चिंचवडमध्ये काही पाहिला नव्हता.

मी अमेरिकेत, राले शहराला लागून असलेल्या या कॅरीत आले तेव्हा आमच्याकडे एकच गाडी होती आणि ती नवरा घेऊन जायचा. त्याचं ऑफिस एका टोकाला, माझं दुसऱ्या. औषधांच्या चाचण्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची कंपनी. मी टेस्टिंगला, अंकल सपोर्टला. ते आमच्या शेजारच्याच अपार्टमेंटमध्ये राहतात हे कळल्यावर मी लाजत लाजत विचारलं, येऊ का तुमच्याबरोबर? "शूट्स," ते म्हणाले. म्हणजे त्यांच्याकडचं 'चालतंय की'. पुढे मला लायसन्स मिळालं, तरी मी त्यांच्याच गाडीतून जात राहिले.

अंकल हे मी ठेवलेलं नाव. पहिल्या दिवशी उतरताना सवयीने तोंडातून निघून गेलं, "थँक यू, अंकल." आणि जीभच चावली मी. इथे साहेबालाही नावाने हाक मारतात, आणि सहकाऱ्याला काका म्हणणं म्हणजे त्याचे पांढरे केस मोजणं. पण हे बघतच राहिले.

"परत म्हण."

"सॉरी, मी चुकून..."

"अगं, परत म्हण ना!"

मग कळलं, त्यांच्या बेटावरही मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. ओळख असो नसो, अंकल नाहीतर आंटी. बायकोच्या सैन्यातल्या नोकरीमागे ते इकडे आले. तिची नोकरी बदलली, मग तीही राहिली नाही, घटस्फोट घेऊन टेक्सासला गेली. हे राहिले. आणि इतक्या वर्षांत कुणी अंकल म्हटलं नव्हतं. हे सगळं ते इंग्रजीत सांगायचे, बेटावरच्या त्यांच्या खास तुटक, गोड इंग्रजीत. मी आपलं माझ्या मराठीत सांगतेय.

माणूस असा की हॉर्नला हात लावायचा नाही. मी गाडी चालवायला शिकत होते तेव्हा पुढचा जरा थबकला की माझा हात हॉर्नवर. अंकल कळवळायचे. "आमच्याकडे हॉर्न ओळखीचा माणूस दिसला तर वाजवतात. तो तुझा कोण लागतो?" मी म्हणायचे, "अंकल, पुण्यात असं चालवलं ना, तर तुम्ही अजून घरी पोहोचला नसता." "मग मी त्या वेळात अजून चार लोकांना हात केला असता," हे त्यांचं उत्तर. आमच्या घरी आले की न सांगता दाराबाहेर चपला काढायचे. वरण-भात जेवायचे आणि म्हणायचे, माझी आई असाच मऊ भात करते.

आई हा त्यांचा हळवा कोपरा. त्यांच्या गावी बहिणीकडे असायची, नव्वदीला टेकलेली. संध्याकाळी घरी निघालो की तिचा फोन. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपार. गाडीच्या स्पीकरवर तिचा बारीक आवाज यायचा आणि प्रश्न ठरलेला, "घरी कधी येतोस?" साठीला आलेला हा गडी, शाळकरी पोरासारखा सांगायचा, "येतो मम्मा, लवकरच येतो." एकदा मला म्हणाली, "माझ्या पोराकडे लक्ष ठेव गं." मी हो म्हटलं. आपण म्हणतोच.

शाकाची गोष्टही मला गाडीतच कळली. पाऊस होता, पुढे कुठेतरी अपघात झाला होता, गाड्या तुंबल्या होत्या. मी विचारलं, हे असं दोनच बोटांचं का?

अंकल म्हणाले, लोक चार प्रकारे सांगतात, पण आमच्या घरात सांगतात ती अशी. त्यांच्या बाजूच्या एका गावात साखरेचा कारखाना होता. तिथल्या एका कामगाराचा हात उसाच्या चरकात गेला. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. मग कारखान्याने त्याला ऊस वाहणाऱ्या आगगाडीवर राखणीला ठेवलं. गावातली पोरं फुकट बसायला गाडीवर उड्या मारायची आणि हा आपला तोच हात हलवून त्यांना हुसकायचा. पोरंच ती! त्यांनी त्याच्या हाताची नक्कल सुरू केली. राखणदार आसपास नाही, या रे, अशी आपसातली खूण. पण हा माणूस काही रुसला नाही. चर्चमध्ये, बाजारात, भेटेल त्याला तोच हात वर करून रामराम करत राहिला. हळूहळू सगळं गाव त्याला तसाच हात करायला लागलं. धडधाकट माणसं आपली तीन चांगली बोटं मिटून घ्यायची. मग आजूबाजूची गावं, मग सगळं बेट. पुढे कुणी जुन्या गाड्या विकणाऱ्याने तो टीव्हीवरच्या जाहिरातीत वापरला आणि मग तो सगळ्या जगाचा झाला.

"आमचा आजा त्याच कारखान्यात होता," अंकल म्हणाले. "तो सांगायचा, शाका करताना तीन बोटं मिटायची, म्हणजे त्याची नव्हती ती आपणही थोडा वेळ वापरायची नाहीत."

मला भोसरी आठवली. आमचे बाबा भोसरीत पॉवर प्रेसवर होते. ज्यांनी भोसरी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. तिथे चहाच्या टपरीवर उभं राहिलं की एक तरी हात अपुरा दिसतोच. आमच्या शेजारच्या काकांची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्यानंतर लग्नाकार्यात त्यांचा उजवा हात कायम पॅंटच्या खिशात. अक्षता डाव्या हाताने टाकायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोतही हात खिशातच आहे. आम्हा पोरांना ताकीद होती, काकांच्या हाताकडे बघायचं नाही. केवढे शहाणे होतो आम्ही! आम्ही बघितलं नाही आणि तो हात कायमचा खिशात राहिला. तिकडे एका अख्ख्या गावाने तसला हात वर धरला. मला त्या गाडीत रडू आलं, आणि अंकल खिडकी खाली करून, पावसात, कुणातरी अनोळखी गाडीवाल्याला शाका करत होते.

आता त्या बाईंकडे येते. नाव घेत नाही, तोंड कडू होतं.

आमच्या कंपनीने दुसरी एक कंपनी विकत घेतली, चार टाळकी कमी केली, आणि उरलेल्यांची मनं जुळवायला एचआरला नव्या मुख्य बाई आणल्या. सतत हसणाऱ्या. एवढं हसून गाल दुखत कसे नाहीत, असं मला वाटायचं. त्यांनी पार्किंगमध्ये अंकलचा शाका पाहिला आणि त्यांना साक्षात्कार झाला. आता आपण सगळे 'ओहाना'! हवाईच्या भाषेत ओहाना म्हणजे कुटुंब. कुटुंबाची खूण शाका. पोस्टर लागणार, शर्ट छापणार, आणि सगळ्यांना हा हात शिकवणार कोण? आमचे अंकल.

अंकल खूश झाले. हो, झाले, मी का खोटं बोलू? त्यांना वाटलं, गोष्ट सांगायला मिळेल. मीटिंगमध्ये त्यांनी ती सांगितली, चरकापासून आज्याच्या वाक्यापर्यंत. बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "ब्यूटिफुल. सो पॉवरफुल." आणि पुढच्याच श्वासाला, "पण ते बोटांचं आपण जरा वगळू या का? थोडं डार्क वाटतं. लेट्स कीप इट फन." पोस्टरवर मग समुद्राची लाट आली, नारळाचं झाड आलं आणि लाटेवर गॉगल लावलेला एक पोरगा आला. अंकलच्या हाताचे फोटो मात्र काढून घेतले, शर्टावर छापायला.

"अंकल, तुम्ही काही बोलला का नाहीत?" मी परतताना भडकले.

"नो रश, सिस्टा. आधी हात शिकू दे. गोष्ट मागाहून शिकतील."

डोंबल शिकतील!

त्याच सुमाराला त्यांच्या आईने अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आपल्याला कळतं. अंकलनी आधी विचारलं, काही महिने तिकडून काम करू का? नाही. ऑफिसात येणं सक्तीचं झालेलं, शिवाय तिकडचं घड्याळ सहा तास मागे. मग त्यांनी रजा मागितली. रजा मिळाली, पण बाई म्हणाल्या, ओहानाचा कार्यक्रम तेवढा होऊ दे, तुमच्याशिवाय कसा होणार? कार्यक्रम गुरुवारी. अंकलनी शनिवारचं तिकीट काढलं. संध्याकाळी आईला सांगितलं, "मम्मा, शनिवारी." तिकडून दोनदा ऐकू आलं, "शनिवारी? शनिवारी?" इतकी खूश झाली म्हातारी.

आणि सोमवारी शर्ट आले.

खोकी फोडली, जो तो अंगाला लावून बघायला लागला. निळा शर्ट, त्यावर लाट, लाटेवर हात. अंकलनी एक उचलला आणि बराच वेळ तसाच धरून उभे राहिले. हात त्यांचा नव्हताच. छापणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने दुसराच काढला होता. तर्जनी आणि करंगळी वर, बाकी मिटलेली. कर्कश गिटारवाल्यांच्या कार्यक्रमात पोरं नाचवतात तो हात. अख्ख्या ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांना शिकवला होता त्यांच्याही नाही.

अंकल हळूच बाईंकडे गेले. मी तिथेच होते. म्हणाले, "हा शाका नाही."

एवढंच. तीन शब्द.

बाईंनी तोंडावर हात घेतला. "ओ माय गॉड! थँक यू फॉर टेलिंग अस. हा तुमच्या संस्कृतीचा अपमान झाला असता! नाही, नाही, हे आपण बरोबरच करायचं. सगळे परत छापून घेऊ. कार्यक्रम एक आठवडा पुढे ढकलू. तुम्ही आहात ना? आता तर तुम्ही हवेतच."

आणि अंकल म्हणाले, "शूट्स."

त्या संध्याकाळी गाडीत मी त्यांना जे जे बोलले ते माझ्या सख्ख्या काकांनाही बोलले नसते. "आमच्यात म्हणतात, हात दाखवून अवलक्षण! कुणी सांगितलं होतं चूक काढायला? गिटारवाल्यांचा तर गिटारवाल्यांचा! गुरुवारी दोन उड्या मारायच्या आणि शनिवारी विमानात बसायचं!"

"चूक होती ती."

"असू दे ना चूक! आई वाट बघतेय तिकडे!"

"मीच म्हटलं हे बरोबर नाही. आता ते बरोबर करतायत तर मी उठून जाऊ?" ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि या वयात ही नोकरी गेली तर दुसरी कोण देईल गं मला?"

मग स्पीकरवर आईचा फोन आला. अंकलनी सांगितलं, या नाही, पुढच्या शनिवारी. बहीण मागून म्हणाली, "तिला आता आठवडे कळत नाहीत. रोज सकाळी विचारते, आज शनिवार ना?" मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या आठवड्यात तो प्रश्न मी रोज ऐकला, आणि रोज अंकल म्हणाले, "जवळ आलाय मम्मा."

पुढचा गुरुवार. आम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरलो आणि बहिणीचा फोन आला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. अवेळी आलेला फोन काय असतो हे परदेशात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. अंकलनी गाडी दोन रेघांच्या मध्ये नीट लावली, इंजिन बंद केलं आणि मग उचलला. झोपेतच गेली, बहीण म्हणाली. मी त्यांचा हात धरला.

"सांगून येतो आणि निघतो," ते म्हणाले.

सांगायला देतंय कोण! दारातच बाई. निळा शर्ट घातलेल्या, हातात दुसरा शर्ट. "आले आमचे हिरो! बघा, या वेळी परफेक्ट!" म्हणत त्यांनी तो शर्ट अंकलच्या सदऱ्यावरूनच चढवायला घेतला. "मॅम, ऐका जरा," मी म्हणाले. "वन सेकंड, स्वीटी," त्या म्हणाल्या. अंकल तोंड उघडतायत तोवर त्यांना व्यासपीठावर नेलंसुद्धा, आणि हातात माइक. अंकल समोरच्याचं वाक्य कधी तोडायचे नाहीत. तिथे कुणाचं वाक्य संपतच नव्हतं.

शेवटी टाळ्या थांबल्या. अंकल माइकमध्ये म्हणाले, "आज सकाळी माझी आई गेली. मला घरी जायचंय."

निळ्या शर्टातली दोन-तीनशे माणसं, कुणाला काय करावं कळेना. मग मागच्या रांगेत एकाने हात वर केला. अंगठा आणि करंगळी. त्याला बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल. त्याचं बघून शेजारच्याने केला. मग ती रांग, मग पुढची, आणि बघता बघता सगळा हॉल हात वर धरून उभा. काहीजण हलवत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांच्या शेजारची मुलगी मोबाइलवर ते सगळं टिपत होती.

अंकल सगळ्या हातांकडे बघत होते. त्यांचा हात खालीच राहिला. माइक टेबलावर ठेवला आणि जिना उतरून आले.

एअरपोर्टला मी नेलं. घरून बॅग उचलली, बाकी काही नाही. वाटेत दोन ठिकाणी मी कचकचून हॉर्न वाजवला, ते काही बोलले नाहीत. दाराशी गाडी लावली तेव्हा माझ्या लक्षात आलं, निळा शर्ट अजून अंगातच होता.

"अंकल, हा काढा आधी. आणा इकडे, मी फेकते कचऱ्यात."

त्यांनी खाली छातीवर पाहिलं. लाटेवरच्या त्या हातावरून अंगठा फिरवला.

"राहू दे," म्हणाले. "या वेळी बोटं बरोबर आली आहेत."

आणि बॅग उचलून आत गेले.

ते परत आलेच नाहीत. आई गेल्यावर मिळते ती चार दिवसांची रजा संपली, मग कंपनीने पत्रं पाठवली, मग जागा भरली. हॉलमधला तो व्हिडिओ बाईंनी कंपनीच्या पानावर टाकला, 'हीच आमची ओहाना' म्हणून. लोकांनी हृदयं पाठवली. पाठवोत बापडे.

मी मात्र हिशेब लावत बसते. रालेहून निघालेला माणूस दोन विमानं बदलून, रात्र वाटेत काढून तिकडे पोहोचतो तेव्हा कपडे बदलायला कुठे सवड मिळते? ज्या शर्टापायी आई भेटली नाही, तोच अंगात घालून अंकल तिच्या दारात उभे राहिले असणार. शुक्रवारी. एक दिवस आधीच.